शेवटचा उकार

पेंटरने वही आडवी धरून पाहिली, उभी धरून पाहिली आणि शेवटी हात लांब करून, एक डोळा मिटून पाहिली. पाटी रंगवून झाली की तो असाच दोन पावलं मागे सरकून बघत असे. इथे सरकायला जागा नव्हती. तिसरीच्या वर्गातल्या बाकात त्याने स्वतःला कसंबसं कोंबलं होतं, आणि त्याचे गुडघे हनुवटीशी गप्पा मारायला आले होते.

"अक्षर तर मोत्यासारखं आहे, बाई."

"अक्षराबद्दल तक्रारच नाही," बाई म्हणाल्या. "उकार बघा."

पानावर श्रुतलेखनाचे वीस शब्द होते आणि त्यातल्या पाचांभोवती लाल गोल. करु. टाकु. लावु. थुंकु. तोडु. पेंटरने एकेक शब्द पुन्हा वाचला. ते त्याला इतके बरोबर दिसत होते, की बाईंचाच काहीतरी घोटाळा झाला असावा अशी शंका त्याला आली. पण शंका काढायची कुणाकडे, तर बाईंकडेच.

"या सत्रात आम्ही जोडाक्षरं घेतली, हातच्याची वजाबाकी घेतली, आणि शेवटी येणारा इकार, उकार दुसरा, हे घेतलं," बाई सांगत होत्या. "तुमच्या मुलीला ते सगळ्यांच्या आधी आलं. मागच्या बाकावरच्या दोन उपद्व्यापी कार्ट्यांना तर तिनेच शिकवलं. हे बघा, वस्तू बरोबर. वाळू, चाकू, बाजू, सगळं बरोबर. आणि नेमके हे पाच चूक. तीन शनिवार हेच चाललंय. विचारलं की तोंडाला कुलूप."

"घरी विचारतो मी."

"विचाराच. सोमवारी शेवटचं श्रुतलेखन आहे. ज्याची एकही चूक नसेल त्याच्याकडे पुढचं सत्रभर फळा. रोजची तारीख, वार, सुविचार, सगळं तोच लिहिणार."

फळ्याचं नाव निघताच पेंटर सावरून बसला. मुलीला घरात खडू म्हणत ते काही उगाच नाही. दोन वर्षांची असल्यापासून तिने खडूने फरशी रंगवली होती, कपाट रंगवलं होतं, झोपलेल्या बापाची विजारही सोडली नव्हती. या सत्रात तर उठता बसता फळ्याचाच जप चालला होता. तो फळा तिच्या हातून असा फुकट जावा, हे त्याला काही केल्या पटेना. त्याने धीर गोळा केला.

"बाई, एक विचारतो. हसू नका. यात चुकलंय काय?"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर 'करु' लिहिलं, त्याच्यावर फुली मारली आणि शेजारी 'करू' लिहिलं. मग खिडकीकडे हात केला.

"पोरांना तरी काय दोष द्यायचा? समोर बघा ना. येता जाता हेच वाचतात."

खिडकीतून शाळेचं फाटक दिसत होतं. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'फाटकासमोर वाहने उभी करु नयेत'.

"कुठल्या पेंटरने रंगवलंय कोण जाणे," बाई म्हणाल्या. "त्याला एकदा आणून तिसरीच्या वर्गात बसवायला पाहिजे."

"बसलोय की," पेंटर म्हणाला.

बाईंचे कान लाल झाले. त्यांनी डस्टर उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. शेवटी पेंटरच आधी हसला, मग त्याही हसल्या. पण त्याचं हसू फार टिकलं नाही. त्याने ते पाच शब्द पुन्हा पाहिले. कचरा टाकु नये. वाहन लावु नये. थुंकु नये. फुले तोडु नयेत. सगळ्या गावाच्या भिंतींवर हे शब्द त्याच्याच कुंचल्याचे होते. पोरीने चुका केल्याच नव्हत्या. तिने बापाचं बघून लिहिलं होतं.

चौथीत शाळा सुटली आणि तो रंगांच्या डब्यांत जाऊन पडला. त्याच्या उस्तादाने त्याला अक्षराचं वळण शिकवलं, सावली शिकवली, मोजमाप शिकवलं. उकाराचं विचारलं तेव्हा उस्ताद म्हणाला होता, "पाटी लांबून वाचायची असते रे, उकाराला कोण विचारतो?" वीस वर्षांत खरंच कुणी विचारलं नव्हतं.

घरी जाताना खडू नेहमीसारखी सायकलच्या पुढच्या दांडीवर बसली होती. एरवी ती वाटेतली प्रत्येक पाटी मोठ्याने वाचायची, दुसऱ्या पेंटरांच्या पाट्यांना नाकं मुरडायची. गेले काही आठवडे ती गप्प असायची. पेंटरला वाटलं होतं, पोर मोठी झाली.

"काय गं, बाई म्हणतात तुला सगळं येतं. मग 'करू'चं घोडं कुठे अडलं?"

खडूने घंटी वाजवली. रस्त्यावर कुणीही नव्हतं.

"बाई म्हणतात शेवटी दुसरा. तुम्ही काढता पहिला," ती अखेर म्हणाली. "मी आईला विचारलं, बाबांचं चुकतं का? आई म्हणाली, तुझ्या बाबांचा हात वीस वर्षांत कधी चुकला नाही. मग मी वाटणी केली. जे शब्द पाट्यांवर आहेत ते तुमच्यासारखे. बाकीचे बाईंसारखे. म्हणजे कुणालाच वाईट वाटणार नाही."

"आणि फळा?"

तिने पुन्हा घंटी वाजवली. आपल्या पोरीने आपल्याला सांभाळून घ्यावं, तेही आठव्या वर्षी, याचा आनंद मानावा की लाज वाटून घ्यावी हे त्याला कळेना. लाजच जास्त वाटली.

"म्हणजे खडूचाही दुसरा?" थोड्या वेळाने त्याने विचारलं.

"हो. माझ्या डब्यावर तुम्ही पहिला काढलाय."

"अगं, मग सांगायचं नाही का? उद्या बदलून देतो."

"नको. डब्यावर राहू दे. तो मला आवडतो."

रविवारी सकाळी तिला झोपेतच ठेवून पेंटर शिडी, दोन डबे आणि कुंचले घेऊन बाहेर पडला. उकार म्हणजे काही शेपूट नव्हे, की ओढून लांब केली. आधी त्याच्यावर पाटीचा मूळ रंग द्यायचा, तो वाळू द्यायचा, मग नवा काढायचा. म्हणून सकाळच्या फेरीत त्याने गावभरचे आपले झाडून सगळे शेवटचे उकार पुसून टाकले. आता गाडी रुळावर आलीच होती तर जिथे जिथे शब्दाच्या शेवटी पहिली वेलांटी दिसली, तिचाही निकाल लावला. नियम म्हणजे नियम.

दुपारी तो खडूला घेऊन दुसऱ्या फेरीला निघाला, तो दवाखान्यापाशी चौकीदार वाटच बघत होता.

"पेंटर, हे काय करून ठेवलंय? सकाळपासून चौघांनी इथे दारात गाड्या लावल्यात. हटकलं तर म्हणतात, पाटीवर 'लाव' लिहिलंय, म्हणून लावली!"

खडू खुदकन हसली. पाटीवर खरोखरच 'येथे वाहन लाव नये' असं उरलं होतं. पेंटरने घाईघाईने शिडी लावली आणि 'लाव'ला दुसरा उकार दिला. चौकीदाराने पाटी वाचली, मान हलवली आणि पाचव्या गाडीवाल्यावर नव्या जोमाने धावून गेला.

पुढे बाग झाली, बाजाराची भिंत झाली, शाळेचं फाटक झालं. प्रत्येक ठिकाणी खडू खाली उभी राहून बघायची आणि हळूच मान डोलवायची. तोंडाने मात्र एक शब्द नाही. "बरोबर आहे ना?" असं पेंटर दर वेळी विचारायचा. "हं," ती म्हणायची. ते 'हं' ऐकून त्याला वाटायचं, आपण चंद्र काढून दाखवला तरी ही असंच म्हणेल. उद्या वहीत ही काय लिहिणार, या काळजीने त्याला पोखरलं होतं. पाट्या सुधारल्या, पण पोरीच्या मनातली भीती कुठल्या रंगाने झाकायची?

शेवटची पाटी लाँड्रीची होती. लाँड्रीवाल्याने खडूला नळावरून बाटली भरून आणायला सांगितली. ती परत येईपर्यंत पेंटरने सकाळचा डाग सोडून उजवीकडे झोकदार दुसरी वेलांटी काढली, खाली उतरला आणि सवयीने दोन पावलं मागे सरकला.

"बाबा! चुकलं!"

आवाज एवढा मोठा होता, की समोरच्या दुकानातलं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. लाँड्रीवाला हातात इस्त्री घेऊनच बाहेर आला. खडू बाटली छातीशी धरून पाटीकडे बघत होती. पाटीवर लिहिलं होतं, 'धुलाई आणी इस्त्री'.

"अगं, शेवटी दुसरी ना?" पेंटर म्हणाला.

"सगळ्यांना दुसरी, 'आणि'ला नाही! 'आणि' कुणाचं ऐकत नाही, बाईंनी सांगितलंय. हे आधी बरोबर होतं, तुम्हीच बिघडवलं!"

एवढं बोलून गेल्यावर तिला आपण काय बोललो ते कळलं. तिने बापाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. लाँड्रीवाल्यानेही पाहिलं. वीस वर्षांच्या पेंटरला भर रस्त्यात त्याच्याच पोरीने बोल लावला, तर आता काय होतं, ते बघायला सगळेच थांबले होते.

पेंटरने फडक्याने ओली वेलांटी स्वच्छ पुसली. मग कुंचला लाल रंगात बुडवला, डब्याच्या काठावर निथळला आणि खडूच्या हातात दिला.

"चल. तूच काढ."

ती शिडीच्या चौथ्या पायरीवर चढली. जीभ दातांत धरून तिने डावीकडून वेलांटी उचलली, वर नेली आणि 'ण'च्या डोक्यावर आणून टेकवली. वेलांटी जरा वाकडी झाली.

खाली दोन्ही हातांनी शिडी धरून उभा असलेला पेंटर लाँड्रीवाल्याला सांगत होता, "ऐकलंत ना? माझी चूक काढली तिनं. पहिल्यांदाच. आणि काय मोठ्यानं काढली!"