कमांडर शेजवळांचं पदक

प्रजासत्ताक दिनाला दोनच दिवस उरले होते. बेलवलीतल्या सोसायटीचा सेक्रेटरी मुकेश निवृत्त कमांडर भगवान शेजवळांच्या घरी आला. उल्हासनगरात त्याचं बॅनर छापायचं दुकान होतं. मोठ्या हौसेनं त्यानं काखेतला बॅनर हॉलभर उलगडला. 'शत्रूची तीन जहाजं बुडवणारे आपले पाणबुडी-वीर!'

भगवानरावांनी चष्मा चढवून वाचलं.

"मुकेश, ही तीन जहाजं कुठली रे?"

"अंकल, एकाहत्तरच्या वॉरमध्ये तुम्ही सबमरीनवर होता. मेडल पण आहे. म्हणजे बुडवलीच असणार ना!"

"एकही नाही."

मुकेशचं तोंड उतरलं. "मग पब्लिकला काय सांगायचं?"

"ते मी सांगतो. तू बॅनर बदल. माझ्या नावाशेजारी बुधाजी भोईर हे नाव घाल आणि स्टेजवर एक खुर्ची वाढव."

आवाज जराही चढला नव्हता, तरी मुकेशनं मुकाट्यानं बॅनर गुंडाळला.

संध्याकाळी भगवानरावांनी स्कूटर काढली आणि सोनिवली गाठली. बुधाजी अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसला होता. लढाईत तो त्याच पाणबुडीवर विजेचं काम बघणारा खलाशी होता. कशासाठी आलेत ते ऐकून त्यानं हातच झटकले.

"मना नको, साहेब. पदक तुमाला मिलालं. मी तिथं बसून काय करू?"

"तुझं नाव मी वर कळवलं होतं. पदक देणं माझ्या हातात नव्हतं, बुधाजी. ही खुर्ची मात्र आहे. परवा सकाळी तयार राहा, न्यायला येतो."

बुधाजी उठला आणि एवढ्या वर्षांनीही त्याच्या टाचा आपोआप जुळल्या. "हो, साहेब."

झेंडावंदन झालं. नव्या बॅनरवर दोन्ही नावं होती. भगवानराव माईकपुढे उभे राहिले. खाली पहिल्या रांगेत त्यांची बायको काशी बसली होती. ही हकीकत त्यांनी तिलाही कधी नीट सांगितली नव्हती.

"शत्रूच्या बंदराबाहेर आम्ही पाण्याखाली दबा धरून होतो," ते म्हणाले. "डोक्यावर त्यांचं जहाज घिरट्या घालत होतं. त्याच्या पंख्याचा आवाज आमच्या पत्र्यातून ऐकू यायचा. तेवढ्यात बॅटरीच्या खोलीत केबल पेटली. पाणबुडीच्या बॅटरीतून गॅस निघतो. तो पेटला असता तर आम्ही सगळेच संपलो असतो. धूर बाहेर सोडायला वर यावं, तर वर जहाज."

मैदानातली पोरं स्टेजजवळ सरकली होती.

"कॅप्टनना म्हटलं, मी आत जातो, बाहेरून दार लावून घ्या. मी शिरलो आणि माझ्यामागून कुणी न सांगता हा बुधाजी शिरला. दार लागलं. तोंडावर प्राणवायूचे मुखवटे होते, पण धुरात हातसुद्धा दिसत नव्हता. केबल कुठून तोडायची ते यानं चाचपून शोधलं. विजेची आग, पाणी मारायची सोय नव्हती, म्हणून मी कोरडी ब्लँकेटं आगीवर दाबून धरली. बाहेर आलो तेव्हा दोघांचे तळवे भाजले होते. जहाज निघून गेलं. नंतर आमची माणसं एकूण एक घरी परतली. पदक मिळालं ते यासाठी. आम्ही कुणाला बुडवलं नाही. आणि त्याबद्दल मला कमीपणा वाटत नाही."

मुकेशनंच पहिली टाळी वाजवली आणि सगळं मैदान उठून उभं राहिलं.

बुधाजीला माईक दिला तर तो लाजून मागे सरकला. भगवानराव म्हणाले, "बोल, हुकूम आहे."

"साहेबांनी समदं खरं सांगितलं," बुधाजी घसा खाकरून म्हणाला. "फकस्त मी मागून आत आलो तवा मना जी शिवी दिली, ती तेवढी सांगितली नाय."

हशा पिकला. भगवानरावही मान मागे टाकून हसले. बुधाजीच्या खांद्यावर हात टाकून त्यांनी त्याला खुर्चीवर बसवलं आणि सोसायटीची शाल आधी त्याच्या अंगावर घातली.

घरी जाताना काशी म्हणाली, "एवढ्या वर्षांत तुमच्या तोंडून वाईट शब्द ऐकला नाही. काय शिवी दिलीत हो?"

"नौदलाचं गुपित आहे," भगवानराव म्हणाले आणि ताठ चालीनं तिच्यापुढे फाटक उघडून उभे राहिले.