गोष्टीतला बॅटरीवाला

“नाही, खाली नाही,” हे म्हणाले आणि त्यांनी दाराची चौकट दोन्ही हातांनी घट्ट धरली.

आमच्या खोलीतून संडासाकडे जायला तीन पायऱ्या उतराव्या लागतात. एका बाजूनं मुलानं धरलं होतं, दुसऱ्या बाजूनं मी. नवऱ्याचा पाय काही उंबऱ्यावरून हलत नव्हता.

“बाबा, रोजच्याच पायऱ्या आहेत,” मुलगा म्हणाला.

“मला खोल दिसतं तिथं.”

“तुम्हाला दिसतंय कुठं काही?”

बोलून झाल्यावर मुलानं जीभ चावली. तोवर यांचा पायजमा ओला झाला होता.

साखरेनं यांचे डोळे नेले त्याला वर्ष होत आलं. पहिले काही महिने भिंतीला हात लावत चालायचे, थट्टाही करायचे. मग कुठून कोण जाणे, ही भीती शिरली. संध्याकाळी सून कामावरून दमून आली, तिनं न बोलता चादर बदलली आणि म्हणाली, “आई, उद्या येताना डायपर आणते. तुमची कंबर तरी किती दिवस पुरायची?”

ती वाईट बोलत नव्हती. दुसऱ्यांच्या चादरी इस्त्री करण्यात माझा जन्म गेला, आणि माझ्यातलं आता किती उरलंय ते तिला दिसत होतं. पण यांनी ते ऐकलं आणि तोंड भिंतीकडे केलं. रात्री जेवले नाहीत.

“एक दिवस थांब,” मी सुनेला म्हटलं.

“एका दिवसानं काय होणार आहे, आई?”

ते मलाही ठाऊक नव्हतं.

हा माणूस जन्मभर सिनेमाच्या थिएटरात बॅटरीवाला होता. खेळ सुरू झाल्यावर जे उशिरा येतात, त्यांना अंधारातून खुर्चीपर्यंत न्यायचं, हे काम. बॅटरी कुणाच्या तोंडावर मारायची नाही, पायाशी मारायची, एवढा एकच धर्म त्यांनी पाळला. भुताचे सिनेमे त्यांच्या आवडीचे. “लोक घाबरून जागेवर बसून राहतात, तेवढंच मलाही बूड टेकायला मिळतं,” म्हणायचे.

मी एका दवाखान्याच्या धुलाईखान्यात इस्त्रीवर होते. रक्ताच्या डागांनी माझा हात कधी थांबला नाही, पण भुताचं नाव काढलं की अंगावर काटा. यांना त्याची भारी गंमत वाटायची.

“रक्ताला भीत नाहीस आणि पडद्यावरच्या भुताला भितेस?”

“रक्त माणसाचं असतं. भूत कशाचं असतं ते कुणाला ठाऊक?”

आमची थोरली चार वर्षांची असताना तापात गेली. त्यानंतर मला झोप लागेना. डोळा मिटला की ती आत कुठंतरी हाक मारायची. तेव्हा हे भाड्याच्या लायब्ररीतून भुताची पुस्तकं आणू लागले. काही नुसती चित्रांची, माणसांच्या तोंडातून फुगे काढून त्यात बोलणं लिहिलेलं. मी घरी आणलेले कपडे इस्त्री करायची आणि हे स्टुलावर बसून वाचायचे. शेजारीण मला ऐकू येईल असं म्हणाली, “पोर गेलेल्या बाईला असलं ऐकवतात का कुणी? अक्कल गहाण ठेवली की काय?”

तिचं चुकत नव्हतं. पण त्या भीतीचं एक बरं होतं, पुस्तक मिटलं की ती संपायची. माझी संपत नव्हती. पुस्तकातली भीती आली की माझी जरा सरकून तिला जागा द्यायची, आणि तेवढ्यात मला डुलकी लागायची.

आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी एक बॅटरीवाला यायचा. चेटकिणीच्या जंगलात, बुडत्या जहाजावर, ओसाड पडलेल्या शाळेत, कुठंही. आता सगळं संपलं असं वाटलं की हा यायचा, पायाशी उजेड धरायचा आणि म्हणायचा, “सावकाश. एकेक पायरी. मी आहे.” मला वाटायचं, या गोष्टी अशाच असतात. राजाच्या गोष्टीत राजा, तसा भुताच्या गोष्टीत बॅटरीवाला.

नोकरी सुटल्यावर मी मोठ्यांच्या वर्गाला जाऊन अक्षरं शिकले. बाई म्हणाल्या, आवडीचं पुस्तक आणा आणि बोट ठेवून वाचा. मी लायब्ररीतून जिन्याचं पुस्तक आणलं. त्याच्या कव्हरवर खाली जाणारा जिना आहे. ती गोष्ट मी यांच्याकडून कितीदा ऐकली असेन. एक लहान मुलगी मेणबत्ती घेऊन तळघरात उतरते. बोट सरकवत सरकवत एकदाची शेवटच्या पानावर पोहोचले. मेणबत्ती विझली. त्यानंतर तिला कुणी पाहिलं नाही. पुढं कोरा कागद.

मी पुस्तक घेऊन लायब्ररीवाल्याकडे गेले. “यातली पानं गळाली आहेत.”

त्यानं उलटसुलट करून पाहिलं. “नाही हो आजी, पुरी आहेत.”

“मग बॅटरीवाला कुठंय?”

“कोण बॅटरीवाला?”

“शेवटी येतो तो.”

त्यानं चष्मा कपाळावर चढवला. “आजी, हा लेखक कुणालाच वाचवत नाही. म्हणून तर खपायचा.”

मी फळीवरची आणखी दोन-चार पुस्तकं काढून शेवटची पानं पाहिली. कुठंच नव्हता. घरी आले, भाजी चिरायला घेतली. यांना काही विचारलं नाही. जिन्याचं पुस्तक मात्र परत केलं नाही. लायब्ररीवाल्यानंही मागितलं नाही.

सुनेकडे एक दिवस मागितला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, मुलगा आणि सून कामावर असताना, मी ते पुस्तक ट्रंकेतून काढलं.

“काय करतेस?” यांनी विचारलं.

“वाचते.”

“मोठ्यानं वाच की. कोणतं?”

“जिन्याचं.”

“ते नको.” मग म्हणाले, “बरं, वाच. तुझी मालगाडी संध्याकाळपर्यंत पोहोचेल ना?”

“पोहोचेल तेव्हा पोहोचेल. बसायचं तर बसा.”

मी वाचू लागले. जोडाक्षर आलं की अडायची, मग हे शब्द पुरवायचे. सगळं पाठ होतं त्यांना. मुलगी जिना उतरू लागली तशी त्यांनी चादर मुठीत धरली. मेणबत्ती विझली. मी थांबले. पानावर एकच ओळ उरली होती.

“राहू दे,” ते म्हणाले. “पुढची ओळ मला ठाऊक आहे.”

“मला वाचू द्या.” मी ओळीवर बोट ठेवलं. “तेवढ्यात जिन्याच्या वर एक माणूस आला. त्याच्या हातात बॅटरी होती.”

बाहेर कुणीतरी बादली सरकवली. यांनी मान माझ्याकडे वळवली.

“तसं लिहिलेलं नाही त्यात.”

“आहे.”

“तू आधी वाचलंयस हे?”

“तीन वर्षं झाली.”

“बोलली नाहीस कधी.”

“तुम्ही वाचायचात तेव्हा मी मध्ये बोलायची का?”

त्यांची मूठ थोडी सैल झाली. “पुढं काय म्हणतो तो?”

“म्हणतो, सावकाश. एकेक पायरी.”

“उजेड तिच्या तोंडावर नाही ना मारला?”

“नाही. पायाशी.”

“हं,” ते म्हणाले. मग खाली मान घालून, “मला जायचंय.”

मी त्यांना उठवलं. दाराशी येताच दोन्ही हात पुन्हा चौकटीवर गेले. त्यांना तिथंच उभं करून मी कपाट उघडलं. थिएटर बंद पडलं तेव्हा यांनी घरी आणलेली बॅटरी खालच्या कप्प्यात होती. मी यांचा उजवा हात चौकटीवरून सोडवला आणि ती त्यात दिली.

त्यांनी वजन करून पाहिलं. “यात सेल नाहीत.”

“नाहीत.”

अंगठ्याला बटण आपोआप सापडलं. खट् वाजलं. मनगट खाली वाकलं, जसं वाकायचं तसंच. दुसरा हात त्यांनी माझ्या खांद्यावर ठेवला.

“तू पुढं हो,” ते म्हणाले. “सावकाश. पहिली पायरी जरा उंच आहे.”

मी खाली बघत उतरले. मागून पायरीवर त्यांचं पाऊल टेकलं.