छातीवरची लाथ

आमचं मटणाचं दुकान. ज्याची सुरी त्यानंच धरायची, दुसऱ्याच्या सुरीला हात लावायचा नाही, हा माझा नियम. माझ्या धाकट्या मुलानं थोरल्याची सुरी हाडावर चालवून तिची धार घालवली. थोरल्यानं त्याच्या छातीत लाथ घातली. धाकटा मटण तोडायच्या ओंडक्यापाशी कोसळला, ओठ निळे.

दवाखान्यात कळलं, हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त साठलंय. डॉक्टरीणबाईंनी सुई घालून ते उपसलं. पुन्हा साठलं.

"लाथेनं काळीज फुटलं का हो?"

"नाही, आजी. रक्त या गाठीतून येतंय." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. हृदयाच्या उजव्या कप्प्याला मांस चिकटलेलं. तुकडा काढून तपासला होता. कॅन्सर. हृदयात फार क्वचित होतो म्हणे. "लाथ बसली म्हणून वेळेत आणलंत. कापून काढू, पण रक्त खूप लागेल. रक्त देणारी माणसं आणा."

दुकानावर आले तर शटर अर्धं खाली. आत धाकट्या सुनेचे दोघे भाऊ थोरल्याला तुडवत होते. एकानं त्याचं तोंड ओंडक्यावर आपटलं. दात उडाले, फरशी लाल झाली. सून किंचाळत होती, "अजून हाणा! माझ्या नवऱ्याला मारलं यानं!"

बैल आडवा पाडील असा माझा थोरला, पण हात उचलत नव्हता. "मारा," एवढंच म्हणत होता.

मी सत्तूर उचलला, उलटा केला आणि आपटणाऱ्याच्या पाठीत घातला. तो कोलमडला. दुसऱ्याच्या नडगीवर दिला.

"लाथेनं नाही झालं, मुडद्यांनो! गाठ आहे त्याच्या हृदयात. कॅन्सरची!"

सून थोरल्याला उठवायला धावली. मी भावांकडं वळले.

"उठा. एवढं रक्त उसळतंय ना? चला द्यायला."

"मावशी, मला सुईची भीती वाटते," पाठ चोळत तो म्हणाला.

"दात पाडताना नाही वाटली?"

दोघांनी रक्त दिलं. डॉक्टरांनी छातीचं हाड चिरलं, गाठ हृदयाच्या भिंतीसकट कापली, भोकाला ठिगळ लावलं. कडेला थोडी राहिली असेल, म्हणाले, आता केमो.

धाकट्यानं डोळे उघडले. "दादा, दात?"

"तुझे मेहुणे."

"बरा झालो की बघतोच त्यांना."

"आधी हो तर बरा," थोरला बोबडा बोलला. "माझीच सुरी वापर पुढं."

"काही नको," मी धाकट्याला म्हटलं. "तुझी खुंटीला आहे. धार लावलेली. तू येईपर्यंत कुणी हात लावला तर बोटं तोडीन."