ब्रेकवरचा पाय

हेमलताबाईंनी तो व्हिडिओ पाहिला तेव्हा त्या मेथी निवडत बसल्या होत्या, आणि त्यानंतरची मेथी त्यांनी अशी काही तावातावानं निवडली की काड्या भाजीत आणि पाला केरात!

व्हिडिओ काढलेला कुणी, तर पोटच्या पोरानं. ध्रुवनं. बाई स्वतःची गाडी घेऊन बसवनगुडीहून त्याच्याच घरी, शहराच्या दुसऱ्या टोकाला एचएसआर लेआउटला चालल्या होत्या. हे नवरा-बायको नेमके त्यांच्या मागं लागले, तर हाक नाही, हॉर्न नाही, ध्रुवनं बायकोच्या हातात मोबाइल दिला आणि सिल्क बोर्डच्या चौकापर्यंत शूटिंग! व्हिडिओत काय, तर बाईंची निळी, बुटकी, दोन दारांची जुनी स्पोर्ट्स कार मुंगीच्या पावलानं चाललीय, मागचे दोन्ही ब्रेकचे दिवे लालभडक, आणि ते विझतच नाहीत. शेजारून स्कूटर गेली, टोमॅटोचा टेम्पो गेला, एक सायकलवालासुद्धा वळून बघून गेला. आणि खाली ध्रुवचं लिखाण: 'आईचा पाय ब्रेकवरून निघतच नाही.' हे कुठं टाकलं? फॅमिली ग्रुपवर! निपाणीपासून बेळगावपर्यंतचे सगळे खो खो हसणारे चेहरे टाकून मोकळे. भाचा दामोदर तर लिहितो, 'मावशी, ब्रेक म्हणजे पाय ठेवायचा पाट नव्हे!'

बरं, तेवढ्यावर थांबावं की नाही? नाही. शेवटी ध्रुवनं जाहीर केलं, 'रविवारी येऊन चावी घेतोय. गिऱ्हाईक बघून ठेवलंय.'

आता राग गाडीचा एक आणि पायाचा एक. पण पायाचा जास्त. कारण हेमलताबाईंनी सगळा जन्म बसवनगुडीत शिवणाचे क्लास चालवले. मोटरचं मशीन, खाली पेडल. त्या पेडलवर पाय असा की सुई एका टाक्यावर थांबवायची म्हटली की एकाच टाक्यावर थांबायची, दुसऱ्यावर नाही. अर्ध्या बसवनगुडीच्या पोरींना त्यांनी सांगितलेलं, 'हात नंतर, आधी पाय शिका.' आणि त्याच कमाईतून क्लास बंद केल्यावर त्यांनी काय घेतलं? सोनं नाही, प्लॉट नाही. ही जुनी स्पोर्ट्स कार. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "पेडल आवडलं."

आणि त्या पायाला नावं?

हां, गाडीत काहीतरी बिघडलं होतं, हे बाईसुद्धा मान्य करत होत्या. महिनाभर झाला असेल, ॲक्सिलरेटर दाबला तरी गाडी आळसावल्यासारखी उठायची. क्रूझ कंट्रोल तर ती घेतच नव्हती. म्हणजे हायवेला वेग ठरवायचा, बटण दाबायचं, पाय काढून घ्यायचा, गाडी आपली त्याच वेगानं जात राहते. ब्रेकला पाय लागला की ते बंद. पण आता बटण दाबलं की दिवा लुकलुकायचा आणि गप्प. ध्रुव म्हणाला, "आई, तू चुकीचं बटण दाबतेस." गॅरेजवाल्यानं फिल्टर बदलला, प्लग बदलले, कंप्युटर जोडला, एकही एरर नाही. तो म्हणाला, "मॅडम, गाडी एकदम ओके. तुम्ही जरा मोकळ्या पायानं चालवा." वर बॅटरीही सारखी उतरायची. खालच्या मजल्यावरचा मंजुनाथ, बाईंच्या शेजारात राहून मराठी शिकलेला, केबल लावून गाडी सुरू करून द्यायचा आणि जाताजाता बोलायचा, "अक्का, स्वल्प विसरताय हल्ली. लाइट कुठला तरी चालू राहतोय." म्हणजे पाय गेला, बोट गेलं, डोकंही गेलं! बाईंच्या मस्तकाची शीर ताडताड उडायची.

आणि त्या रागाचा एक फटका सुखदालाही बसला होता. सुखदा म्हणजे ध्रुवची बायको, पुण्याची. ड्रायव्हरच्या सीटखाली, मॅटवर, सारखा तपकिरी चुरा सापडायचा. सुखदाला निप्पट्टूचं, म्हणजे इकडच्या तिखट, खुसखुशीत पुरीचं वेड, पाकीट पर्समध्येच. मध्ये एकदा तिनं ही गाडी चालवली होती. बाईंनी सुनावलं, "अगं, निप्पट्टू खा, पण खाली ताट घे. माझी गाडी म्हणजे बेकरी नाही." सुखदा म्हणाली, "आई, मी गाडीत खाल्लंच नाही." बाई म्हणाल्या, "मग उंदीर येऊन पाकीट फोडून गेला असेल." सुखदा दोन दिवस बोलली नाही.

रविवारी सकाळी दोघं आले. बाई नुकत्याच गांधी बझारातून फुलं घेऊन बेसमेंटमध्ये गाडी लावून तिच्यावर कव्हर ओढत होत्या. त्या नेहमी गाडी उलटी लावायच्या, पाठ भिंतीला, तोंड बाहेर. ध्रुवनं थेट हात पुढं केला.

"आई, चावी."

"अंघोळ केलीस? चहा घेतलास? की थेट दरोडाच?"

"आई, प्लीज. सीन नको. तू कुणाला तरी ठोकशील, नाहीतर तुला कुणीतरी मागून ठोकेल. सगळा वेळ ब्रेक लावून कोण चालवतं?"

"मी ब्रेकवर पाय ठेवत नाही."

"व्हिडिओ आहे!"

"व्हिडिओत माझा पाय दिसतोय का रे? दिवे दिसतायत. पाय दिसतोय?"

"म्हणजे दिवे आपोआप लागतात?" ध्रुव हसला. हसला म्हणजे, नाकानं. "अगं, आता तुला गाडी हवीच कशाला? बस आहे, ऑटो आहे, मेट्रो आहे. सगळं दारात आहे."

"तू बस आहे, ऑटो आहे म्हणून तुझी गाडी विकलीस?"

"माझी गोष्ट वेगळी."

"का? तुझा पाय सोन्याचा?"

सुखदा मध्ये म्हणाली, "अहो आई, तो काळजीनं..." तर बाई तिच्यावरच, "काळजी ग्रुपवर टाकतात का गं? मोबाइल तुझ्याच हातात होता ना?" मंजुनाथ बाजूला स्कूटर पुसत होता, त्याचं फडकं तिथंच थांबलं.

आणि करंट गेला. त्यांच्या बिल्डिंगचा जनरेटर फक्त लिफ्टला, त्यामुळं बेसमेंट भर सकाळी काळंकुट्ट. ध्रुवनं मोबाइलचा टॉर्च लावला.

"बंद कर," हेमलताबाई म्हणाल्या.

"अगं, पडशील..."

"ध्रुव. टॉर्च. बंद. कर."

त्यानं केला. आणि काय सांगू! गाडीमागची सगळी भिंत लाल. कव्हरच्या आतून दोन लाल गोळे निखाऱ्यासारखे धगधगतायत. चावी बाईंच्या कमरेला. गाडीत कुणी नाही. ट्यूबलाइटच्या उजेडात, भिंतीला पाठ लावलेल्या गाडीचं हे कुणाला दिसणार होतं?

"अय्यो," मंजुनाथ म्हणाला.

"काढ मोबाइल," बाई म्हणाल्या. आवाज इतका खाली आला की ध्रुव दोन पावलं मागं सरला. "आता कर शूटिंग. आधी दिवे घे. हां. आता खाली ये. माझे पाय घे. दोन आहेत, दोन्ही घे. चपलेसकट घे! आणि टाक ग्रुपवर. दामोदरला सांग, मावशीनं पाट आणलाय, ये बसायला!"

"आई, मी टाकतो, पण..."

"पण नाही. आत्ता."

त्यानं टाकला. मग बाईंनी कव्हर ओढून फेकलं, दार उघडलं, साडीचा पदर खोचला आणि गुडघे टेकून सरळ पेडलपाशी डोकं घातलं. आता टॉर्च लागला, तो सुखदानं धरला. ब्रेकच्या दांड्याच्या वर एक छोटा खटका होता. पाय उचलला की दांडा वर येऊन तो खटका दाबणार, मग दिवे बंद, अशी रचना. पण दांड्यावर जिथं खटका टेकायचा, तिथं नुसतं भोक! खटका त्या भोकातून आरपार. बाईंनी बोटानं खटका दाबला. भिंत काळी. सोडला. भिंत लाल.

"इथं काहीतरी असणार," बाई पुटपुटल्या. "प्लास्टिकचा गट्टू. जुना होऊन..." आणि त्यांनी मॅटवर हात फिरवला. चिमटीत तोच तपकिरी चुरा.

वर सुखदा. तिचा टॉर्च जरासुद्धा हलला नाही. "निप्पट्टू का हो, आई?"

बाई डोकं आत ठेवूनच म्हणाल्या, "चुकलं माझं."

"ऐकू नाही आलं."

"चुकलं म्हटलं ना! टॉर्च नीट धर!"

पण बघा ना, घरच्यांना वाटत होतं बाईंचा पाय ब्रेकवर, आणि गाडीलाही तेच वाटत होतं! ब्रेक दाबलाय म्हटल्यावर ती क्रूझ घेणार कशी, आणि ॲक्सिलरेटरचं पूर्ण ऐकणार कशी? रात्रभर दिवे पेटलेले, मग बॅटरी राहणार कशी? महिनाभर सगळं जग एका गट्टूपायी बाईंना म्हातारी ठरवत होतं. हे लक्षात आलं आणि बाईंचा राग उतरायच्या ऐवजी आणखी चढला. त्या बाहेर आल्या, ध्रुवकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. थंडी म्हणून त्यानं जाड जाकीट घातलेलं, त्याला मोठी, जाडजूड बटणं.

"इकडं ये."

"काय?"

बाईंच्या पर्समध्ये कात्री, सुई, दोरा नेहमीच. कच्! मधलं बटण हातात.

"आई! नवीन आहे!"

"माझी गाडी विकताना नवं-जुनं बघितलंस?"

बटण भोकावर बसवलं, त्याच्या छिद्रांतून दोरा ओवून दांड्याला गच्च आवळला. खटका बटणावर टेकला. दिवे विझले. ब्रेक हातानं दाबला, लागले. सोडला, विझले. "उद्या खरा गट्टू आणते. तोवर ह्याचं बटण. बस गाडीत."

"मी?"

"तू. व्हिडिओवाला."

दोनच सीटची गाडी, सुखदा वर चहा करायला गेली, आणि जाताना ध्रुवकडं बघून मजेत हसून गेली. सिल्क बोर्ड पार करून गाडी फ्लायओव्हरवर चढली तेव्हा बाईंनी पाय नुसता टेकवला, आणि गाडी अशी उसळली की ध्रुवचं डोकं सीटला आपटलं. रविवारचा रिकामा रस्ता. बाईंनी क्रूझचं बटण दाबलं. दिवा लागला. लागूनच राहिला. त्यांनी दोन्ही पाय मागं ओढून घेतले.

"बघ खाली."

"आई, पुढं बघ!"

"मी पुढंच बघतेय. तू खाली बघ. कुठं आहेत पाय?"

"मागं," ध्रुव म्हणाला. मग खाली बघतच, "सॉरी, आई."

बाईंना वाटलं होतं, हा शब्द ऐकला की आत काहीतरी निवेल. निवलं नाही. बारीक आच राहिलीच. पोरानं दिवे पाहिले, पण एकदा फोन करून 'आई, काय होतंय?' असं विचारलं नाही, ते कुठल्या बटणानं सांधायचं?

पार शहराबाहेर, आनेकलला बसस्टँडसमोर त्यांनी गाडी उभी केली.

"उतर."

"इथं? का?"

"बस आहे. ऑटो आहे." बाईंनी क्षणभर विचार केला. "मेट्रो स्वल्प लांब पडेल. बघ तुझं तू."

"आई, असं काय! अगं, जाकिटाला बटणसुद्धा नाही, गारठलोय मी!"

"मग पळ. पायात ऊब येईल."

तो उतरला. बाईंनी गाडी वळवली. आरशात तो दिसत होता, जाकीट एका हातानं धरून उभा. पुढं वळण आलं, बाईंनी ब्रेक दाबला, म्हणजे मागं दिवे लागले असणार. पाय उचलला, म्हणजे विझले असणार. बघायला मागं माणूस उभा होताच.