चार अनारसे आणि एक बस

जर्मनीतल्या आखनमध्ये माझं काम म्हणजे लोकांवर विश्वास न ठेवणं, आणि त्याचा मला पगार मिळतो. दारूपायी नाहीतर गोळ्यांपायी लायसन्स गेलेले बस-ट्रकचे ड्रायव्हर पुन्हा गाडी चालवायच्या लायकीचे झालेत का, हे मी मानसशास्त्रज्ञ म्हणून तपासते. समोरचा ढसाढसा रडला तरी आधी लघवीचा रिपोर्ट बघते. स्वतः बसमध्ये चढले की दांडा घट्ट धरून बसते. ड्रायव्हर लोकांबद्दल मला जरा जास्तच माहिती असते.

हेर, म्हणजे श्रीयुत, श्मिट्स हा बस ड्रायव्हर. त्याला पाठदुखीवरच्या, अफूच्या जातीतल्या गोळ्यांची सवय लागली आणि त्याचं लायसन्स गेलं. वर्षभर तो डेपोत दुसऱ्यांच्या बस धूत होता. आता एकच तपासणी उरली होती. खसखसही अफूच्याच बोंडातली, तिनेही रिपोर्ट बिघडतो, म्हणून त्याने जीव की प्राण असलेला मोनकुखन, म्हणजे खसखशीचा केक, सोडला होता. ती काळीनिळी खसखस बेकरीच्या काचेत दिसली तरी पठ्ठ्या रस्ता बदलायचा.

आणि रिपोर्ट आला पॉझिटिव्ह.

"फ्राऊ डॉक्टर, मी काहीही घेतलेलं नाही," तो म्हणाला. सगळे हेच म्हणतात. एवढा उंच माणूस, खुर्चीत निम्मा झाला. मला वाईट वाटलं, फार वाटलं, पण वाईट वाटतं म्हणून कुणाच्या हाती बस देता येत नाही.

घरी येऊन तोंड पाडून बसले. दिवाळीसाठी पुण्याहून आलेल्या सासूबाईंकडे सगळ्या दुःखांवर एकच इलाज. त्यांनी अनारसा पुढे केला. मी तुकडा मोडला आणि बोटाला चिकटलेल्या पांढऱ्या दाण्यांकडे बघतच राहिले. खसखस! आपली, पांढरी!

"आई, हे अनारसे तुम्ही कुणाला दिलेत?"

"अगं, गेल्या आठवड्यात तुझा डबा द्यायला ऑफिसात आले नव्हते का? बाहेर एक उंच माणूस बसला होता. दिवाळीचे दिवस आणि चेहरा हा असा सुतकी! मला बघून उभा राहिला. म्हटलं, बसा, बसा. मला 'आई' म्हणायलाही शिकवलं त्याला. चार खाल्ले बिचाऱ्याने."

दुसऱ्याच दिवशी आम्ही त्याला नमुना द्यायला बोलावलं होतं! मी इतकी हसत सुटले की माझा नवरा शार्दूल हातातली पळी तशीच घेऊन धावत आला.

सकाळी बॉसला सगळं सांगितलं. घरचाच संबंध आल्यावर केस माझ्याकडे कशी राहणार? ती गेली माझ्या सहकारी फ्राऊ हेंकेलकडे, आणि ही बाई माझ्याहून खाष्ट. "चार मिठायांनी? सिद्ध करा," म्हणाली.

"त्यात काय," सासूबाई म्हणाल्या. "मी खाते चार, आणि तपासा मला!"

नमुना देताना तपासणारी समोर उभी हवी, असा नियम. सासूबाई ठेवणीतली पैठणी नेसून आल्या. दोघी आत गेल्या, मी दाराबाहेर.

"कादंबरी, हिला म्हणावं भिंतीकडे बघ!" सासूबाईंनी आतून मला हाक मारली.

मी जर्मनमध्ये सांगितलं. आतून फ्राऊ हेंकेलचा आवाज आला, "नाइन." म्हणजे नाही.

"मग निदान गाऊ दे काहीतरी. मला अवघड होतंय!"

मी तेही जर्मनमध्ये सांगितलं. मग फ्राऊ हेंकेलच्या घोगऱ्या आवाजात नाताळचं गाणं सुरू झालं. मी भिंतीला टेकून तोंडात रुमाल कोंबला.

रिपोर्ट पॉझिटिव्ह! आईंनी पुण्यातल्या झाडून सगळ्या नातेवाइकांना फोन केले. "अगं, अफू निघाली माझ्यात, अफू!" हेर श्मिट्सचा नवा नमुना अगदी स्वच्छ निघाला. फ्राऊ हेंकेलने त्याला तासभर उलटसुलट विचारून पाहिलं आणि सही ठोकली.

आई परत निघायच्या आधी आम्ही बाजारात चाललो होतो. बस थांबली, दार उघडलं, आणि स्टिअरिंगमागे हेर श्मिट्स! चेहरा नुसता फुललेला. आईंनी पिशवीतून लाडवांचा डबा काढला. त्यांचं सगळं जर्मन त्या क्षणासाठीच पाठ केलेलं होतं.

"काइन मोन!" खसखस नाही.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी एक लाडू उचलून आधी स्वतः खाल्ला. मग त्याने एक घेतला, काचेपाशी जपून ठेवला आणि माइक तोंडाशी धरला.

"आई, बसा!"

अख्ख्या बसमध्ये आवाज घुमला. मागची दोन मराठी पोरं दचकून उठली आणि पुन्हा बसली. आई राणीच्या थाटात बसल्या. बस सुटली. मी डब्यातून आणखी एक लाडू घेतला आणि दांडा न धरता, दोन्ही हातांनी खाल्ला.