हुशार आहे, पण लक्ष नाही

भवानी पेठेत शाळांचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात बुद्धप्रिया कटिंग करायची. वय एक्केचाळीस. हात सफाईदार, पण जूनच्या गर्दीत तिनं चाळीस शर्टांच्या ऐंशी बाह्या कापल्या आणि सगळ्या डाव्याच निघाल्या.

ती कापडाच्या ढिगाआड रडत बसली. शेजारी काज करणारी सिद्धेश्वरी म्हणाली, "माझ्या भाच्याला एडीएचडी आहे, लक्ष एका जागी टिकत नाही. डॉक्टरांनी दिलेला कागद वाचताना मला सारखी तूच आठवत होतीस. एकदा दाखवून तर ये."

मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर मनाली यांनी नीट ऐकून घेतलं. "हे या वयात सुरू होत नाही. लहानपणापासून असतं, कळतं उशिरा. तुमचं लहानपण पाहिलेलं कोणी येऊ शकेल?"

आईला, मीनाबाईला, जाऊन सहा वर्षं झाली होती. वडील धोंडिराम रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त होऊन कुर्डुवाडीलाच राहायचे. ते सकाळच्या गाडीनं आले. डॉक्टरांना जयभीम घातला आणि पिशवीतून तिची प्रगतिपुस्तकं काढली. मीनाबाईनं सगळी जपून ठेवली होती. चौथीत शेरा होता, 'हुशार आहे, पण लक्ष नाही.' पाचवीत तोच. सातवीत नुसतंच, 'लक्ष नाही.'

"हिला बसून पाढे येत न्हवते," धोंडिराम सांगू लागले. "चालताना यायचे. मग मी कामाला जाताना गेटापत्तुर संगं न्यायचो. भोंगा व्हईस्तवर सतरापत्तुर म्हनायची."

बुद्धप्रियाला ती वाट लख्ख आठवली. रुळाकडेची खडी, तेलाचा वास, बाबांच्या डब्याची खुळखुळणारी कडी.

"आणि घरी परतायला मला तास लागायचा," ती हसली. "इंजिनं बघत बसायचे. तुम्हाला माहीतच नव्हतं."

"म्हाईत होतं की. तुजी आय क्वार्टरच्या कोपऱ्यावर हुबी असायची. शाळा सुटली की तुज्या वर्गात जायची. कंपास, पान्याची बाटली, एकदा तर चप्पल. राहिलेलं समदं पदराखाली घिऊन यायची. तुला कळू द्यायची न्हाय."

लहानपणी बुद्धप्रियाला वाटायचं, हरवलेल्या वस्तू आपोआप घरी येतात. पुढं तेही विसरलं आणि ध्यानात राहिली ती फक्त बोलणी.

"पण बाबा, तुम्ही मला धांदरट म्हणायचात."

"म्हनायचो. चुकलंच माजं. त्याला काय म्हनत्यात, तेच ठावं न्हवतं."

आणखी दोन भेटींनंतर डॉक्टरांनी निदान पक्कं केलं. त्या संध्याकाळी बुद्धप्रियाला हलकं वाटलं आणि आईची फार आठवण आली. हे नाव ऐकायला ती हवी होती.

गोळी सुरू झाली. पहिल्या आठवड्यात भूक मेली, छाती धडधडली. डॉक्टरांनी मात्रा कमी केली. कात्री लावण्याआधी माप मोठ्यानं म्हणायचं, थरावर खडूनं उजवी-डावी लिहायचं, हेही ठरलं. किल्ल्या अजून हरवतात, पण कापड वाया गेलेलं नाही.

तीन महिन्यांनी एका रविवारी ती कुर्डुवाडीला गेली. धोंडिराम लग्नाच्या वेळची गोष्ट सांगायला लागले. यापूर्वी त्यांनी ती कितीदा सुरू केली असेल. दर वेळी बुद्धप्रिया मध्येच काहीतरी आठवून उठून जायची. आज ती बसली. आठव्या दिवशी मीनाबाई रुसून बार्शीच्या छोट्या गाडीत बसली, इथवर तिला माहीत होतं.

"मग?"

"मग काय, फुडल्याच ठेसनाला उतरली. रुळाकडंनं चालत म्हागारी आली. पाय धुतलं, भाकरी थापाय बसली."

"का परत आली?"

"इचारलं न्हाय मी," धोंडिराम हसत म्हणाले. "गप जेवलो. लई भूक लागलीवती."