सहावी बाटली

औषधाच्या बाटल्यांच्या कारखान्यात आत्या बावीस वर्षं दिव्यासमोर बसत आली. बाटली उचलायची, उजेडात फिरवायची. तडा दिसला तर बाजूला, नाहीतर तळाला शिक्का मारून पुढं.

भाचीनं तत्त्वज्ञानाची पदवी घेतली तेव्हा आत्याच म्हणाली होती, "तीन वर्षं हवेत गाठी मारल्यास बाई! आता त्या सोडवायचा पगार कोण देणार?" शेवटी तिनंच शब्द टाकून पोरीला कारखान्यात तक्रारींची पत्रं फायलीत लावायला चिकटवलं, तेही तात्पुरतं.

आणि देवाची करणी बघा, पहिल्याच महिन्यात आत्याविरुद्धचंच पत्र पोरीच्या हातात पडलं. गिऱ्हाईकाकडे चाळीस बाटल्या फुटक्या निघाल्या, एकूणएक आत्याच्या शिक्क्याच्या.

साहेबांनी आत्याला बोलावलं. "मावशी, वय झालं. दिवा आता तरुण डोळ्यांना द्या."

आत्याच्या तोंडचं पाणी पळालं. फाईल घेऊन उभी असलेली भाची म्हणाली, "साहेब, न फुटलेल्या बाटल्यांवर कोणाचा शिक्का?"

"यांचाच. दुसरं आहे कोण तिथं?"

"मग शिक्क्यावरून काय कळलं?"

आत्याच्या जिवात जीव येतोय तोच पोरगी पुढं म्हणाली, "पण आत्याची नजर शाबूत आहे, हेही त्यावरून कळत नाही. तपासू या."

"वा गं माझे गुणाचे!"

"आत्या, मला माहीत नाही म्हणून तर विचारतेय."

भाचीनं शिक्का नसलेल्या वीस बाटल्या आणल्या. त्यात केसाएवढा तडा असलेल्या पाच. कुठल्या, ते कागदावर लिहून साहेबांकडे दिलं. आत्या मनात देवाचं नाव घेत बसली. मग एकेक बाटली उजेडात फिरवली. तिनं सहा बाजूला काढल्या.

"पाचच होत्या," साहेब म्हणाले.

"सहा. या सहावीच्या गळ्याशी नख फिरवा."

साहेबांनी फिरवलं. नख अडकलं.

"चूक माझी!" भाची आनंदानं ओरडली. "आता सांगा, फुटलेल्यांत असं काय आहे, जे बाकीच्यांत नाही?"

पत्रासोबतचे फोटो पुन्हा पाहिले. फुटलेल्या सगळ्या खोक्याच्या तळच्या ओळीतल्या. तिघं गोदामात गेली. नव्या खोक्यांच्या तळाला धक्के सोसणारा पुठ्ठाच नव्हता.

"पुठ्ठा कोणी काढला?"

साहेबांनी घसा खाकरला. "मीच. वजन कमी व्हावं म्हणून." मग माणूस मनाचा मोठा, आत्यापुढं हात जोडले. "चुकलं माझं, मावशी." आणि भाचीकडे वळले. "तक्रारींची चौकशी आता तू करायची. कायमची नोकरी."

"मला यंत्रातलं ओ की ठो कळत नाही, साहेब."

"ते शिकवणारे ढीगभर आहेत. सख्ख्या आत्यालाही तपासणारं माणूस मी कुठून आणू?"

परतताना आत्यानं हळूच विचारलं, "आणि मला दिसल्याच नसत्या तर?"

"तर तसंच सांगितलं असतं. मग घरी तुझ्या शेजारी बसून रडले असते."

दिव्यासमोर आपल्या स्टुलाशेजारी आत्यानं दुसरं स्टूल ओढलं.

"बस. गळ्याचा तडा कसा ओळखायचा, दाखवते."